कल्हईचा लिंकन

१९४३ साली अमेरिकेने एक अब्ज नऊ कोटींहून जास्त नाणी अशी पाडली, की ती कुणालाच आवडली नाहीत. नाणं एका सेंटाचं, म्हणजे तिथलं सगळ्यांत कमी किमतीचं. त्यावर चेहरा अब्राहम लिंकनचा. आणि त्या भल्या माणसाला नेहमीच्या तांब्यातून उठवून जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर बसवलेलं. नवंकोरं असताना हे नाणं निळसर चंदेरी दिसे. काही महिने खिशाखिशांतून फिरलं की काळपट राखाडी होई. हाताचा घाम लागला, की कडेने गंजायला सुरुवात.

कारण अर्थातच युद्ध. आधी १९४२ मध्ये नाण्यातलं कथील गेलं, कारण जगाला कथील पुरवणारा मलाया जपानने घेतला होता. मग तांब्याची पाळी आली. काडतुसांना तांबं, तारांना तांबं, जहाजांना तांबं. आणि इकडे लोक तेच तांबं च्युइंगगमच्या बदल्यात दुकानदाराला देत होते. मग टांकसाळीने पर्याय शोधायला सुरुवात केली. प्लॅस्टिकचे सेंट करून पाहिले. काचेचे करून पाहिले. काचेचा सेंट हातातून निसटला तर तो उचलायचा की झाडून गोळा करायचा, हा प्रश्न व्यवहारात येण्याआधीच सुदैवाने पोलादावर शिक्कामोर्तब झालं. तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅमचा होता, पोलादाचा साधारण २.७ ग्रॅमचा झाला. त्या एका वर्षात नाण्यांतून वाचलेल्या तांब्याचा हिशेब मांडला तर तो तीन हजार टनांच्या वर जातो.

तांब्याची टंचाई किती होती, याची एक गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते. अणुबॉम्बच्या कामासाठी ओक रिजला प्रचंड विद्युतचुंबक बांधायचे होते आणि त्यांच्या वेटोळ्यांना तांबं मिळेना. तेव्हा लष्कराचे अधिकारी सरकारी खजिन्यात गेले आणि तांब्याऐवजी चांदी उसनी मागितली. किती? तर हजारो टन. खजिन्याच्या साहेबांनी थंडपणे सुनावलं, की आमच्याकडे चांदी टनात मोजत नाहीत, औंसात मोजतात. शेवटी सुमारे १३,३०० मेट्रिक टन चांदी गेली आणि तिची वेटोळी झाली. म्हणजे ज्या काळात देशाची चांदी विद्युतचुंबकांत राबत होती, त्याच काळात लिंकन पत्र्यावर आले होते. युद्धात कुणाला कोणतं काम पडेल, सांगता येत नाही.

आपल्याकडेही तेव्हा तेच युद्ध आणि तीच टंचाई होती. पण आपल्या (म्हणजे तेव्हाच्या आपल्या नसलेल्या) सरकारने पैशाचा धातू बदलण्याची कटकट केली नाही. १९४३ पासून त्यांनी सरळ पैशाच्या मधला भाग काढून घेतला आणि उरलेली कडा लोकांना दिली. तोच तो भोकाचा पैसा. किंमत पूर्ण, माल अर्धा. सरकार पुढे बदललं, पण ही पद्धत इथे चांगली रुजली आहे, असं माझं मत आहे.

अमेरिकन लोकांनी पोलादी सेंटाविरुद्ध लगेच तक्रारी सुरू केल्या. पहिली तक्रार अशी, की तो डाइमसारखा दिसतो. डाइम चांदीचा, दहा सेंटांचा, आकाराने सेंटापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर लहान. संध्याकाळच्या उजेडात घाईघाईने सुटे मोजताना दहाच्या जागी एक जाई किंवा एकाच्या जागी दहा. दुसरी तक्रार यंत्रांची. नाणं टाकून वस्तू देणाऱ्या यंत्रांत लोक लोखंडी वॉशर टाकून फसवत, म्हणून त्यांत लोहचुंबक बसवलेले असत. त्या चुंबकांनी सरकारी टांकसाळीतून आलेला खरा सेंट वॉशर समजून परत करायला सुरुवात केली. सरकारने पाडलेलं नाणं यंत्राने खोटं ठरवावं, याहून मोठी बेअब्रू कोणती? १९४४ मध्ये सेंट पुन्हा तांब्याचा झाला. त्यासाठी काडतुसांचं पितळही वापरलं. पोलादी सेंट मग हळूहळू, फारसा गवगवा न करता, बाजारातून काढून घेतले गेले. उरले ते खणांत, बरण्यांत आणि गॅरेजमधल्या खोक्यांत गंजत पडले.

इथेच हा विषय संपायला हवा होता. पण इथून पुढे एका धंद्याचा जन्म झाला. आणि त्या धंद्याने आमच्या मेहुण्यांच्या घरातली शांतता घालवली.

आमचे मेहुणे न्यू जर्सीत असतात. त्यांना हा नाण्यांचा नाद आहे. रोमन मोहरा, मोगल रुपये वगैरे नाही. त्याला पैसे लागतात. मेहुणे गोळा करतात ते १९४३ चे पोलादी सेंट. त्यांचं तत्त्व असं, की कुणालाच न आवडलेली वस्तू गोळा केली तर स्पर्धा कमी असते. इथे ते चुकले. या सेंटांना ‘स्टीली’ म्हणून लाडाने हाक मारणारी अख्खी एक जमात अमेरिकेत आहे. आणि या जमातीचा एक सामाईक शत्रू आहे.

झालं असं, की गंजलेल्या सेंटांचे ढीग पाहून काही उद्योगी लोकांना वाटलं, आपण यांना पुन्हा चमकवू. त्यांनी ते सेंट आम्लात बुडवले, गंज आणि उरलंसुरलं जस्त उतरवलं, आणि वर नव्याने मुलामा दिला. कुणी जस्ताचा दिला, कुणी आणखी चकाकत्या धातूचा. मग तिन्ही टांकसाळींचे एकेक, म्हणजे फिलाडेल्फियाचा बिनखुणेचा, डेन्व्हरचा ‘डी’ खुणेचा आणि सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’ खुणेचा, असे तीन सेंट प्लॅस्टिकच्या डबीत बसवून ‘युद्धकाळातील पोलादी नाण्यांचा संच’ म्हणून विकायला ठेवले. लोकांनी ते धडाधड घेतले. आजोबांनी नातवाला दिले, मामाने भाच्याला दिले. नाणं जुनं, आणि तरी असं लखलखीत! याहून चांगली भेट कोणती?

जाणकार व्यापारी अशा नाण्यांना ‘रीप्रोसेस्ड’ म्हणतात. मेहुणे त्यांना ‘कल्हईवाले’ म्हणतात. हा शब्द इतका चपखल आहे, की मीही तोच वापरणार. फरक एवढाच, की कल्हई लावून भांड्याची किंमत वाढते आणि नाण्याची जाते.

हे ओळखायचं कसं, हा मेहुण्यांचा आवडता विषय. आलेल्या पाहुण्याच्या हातात ते चहाच्या आधी सेंट देतात.

“भाऊजी, बघा. खरा का कल्हईवाला?”

मी चेहरा बघतो. लिंकन नेहमीप्रमाणे गंभीर.

“चेहरा नका बघू. चेहऱ्यावर सगळेच फसतात. कड बघा, कड!”

कडेची गोष्ट मात्र खरोखर सुंदर आहे आणि ती मेहुण्यांपेक्षा कमी शब्दांत सांगता येते. टांकसाळीने नाण्यांना एकेक करून मुलामा दिला नव्हता. पोलादाचा अख्खा पत्रा आधी दोन्ही अंगांनी जस्ताने मढवला आणि नंतर त्यातून गोल चकत्या कापल्या. चकतीच्या दोन्ही तोंडांवर जस्त आलं, पण जिथे कात्री चालली ती कड उघडी राहिली. अस्सल सेंट आडवा धरून भिंगातून पाहिला, की मध्ये पोलादाचा मंद, करडा पट्टा दिसतो आणि वरखाली जस्ताची उजळ रेघ. हा सेंट गंजायला कडेपासूनच सुरुवात का करायचा, त्याचं कारणही हेच. कल्हईवाल्याने मात्र तयार नाणंच्या नाणं हौदात बुडवलेलं असतं. त्यामुळे त्याची कडही तोंडासारखीच चकाकते. टांकसाळीने जी हयगय केली, ती दुरुस्त झालेली दिसली की समजावं, हे काम टांकसाळीचं नव्हे. सरकारी काम सरकारी कामासारखं दिसायला हवं, ही कसोटी नाण्यांइतकी इतर कुठे बिनचूक लागू पडते, याची मला शंका आहे.

पण मेहुणे एका कसोटीवर थांबणारे नाहीत. पुष्कळ वर्षं हाताळलेल्या कल्हईवाल्याची कडेवरची चमक घासून गेलेली असू शकते. तेव्हा दुसरी परीक्षा चमकेची. ठसा चकतीवर जोरात आदळतो तेव्हा धातू मधून बाहेरच्या दिशेला सरकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. कोरं अस्सल नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं, की या रेषांमुळे उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे गोल फिरतो. संग्राहक याला ‘कार्टव्हील’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येतो. कल्हईवाल्यात या रेषा आम्लाने खाल्लेल्या आणि वरून मुलाम्याने बुजलेल्या असतात. तो चमकतो, पण सगळीकडून सारखाच, निर्विकार चमकतो. फिरवला तरी काही फिरत नाही.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत पटते. सेंटाच्या मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या आहेत. नाणं वापरून झिजलं की आधी त्या ओंब्यांवरच्या रेघा पुसट होतात. पुढे लिंकनच्या गालाचं हाड आणि जबडा सपाट होतो. आता नाणं एवढं झिजलेलं आहे आणि तरी ते कालच टांकसाळीतून आल्यासारखं लखलखतंय, असं दिसलं तर त्यात कसली परीक्षा? जस्ताचा थर इतका पातळ, की ओंब्या झिजेपर्यंत तो अंगावर राहूच शकत नाही. भिंगाखाली आणखी गमती दिसतात. गंजाचे जुने खड्डे आणि त्यांच्या तळाशीसुद्धा पसरलेली चमक. ओरखडा जुना, ओरखड्यातला मुलामा नवा. अक्षरांचे कोपरे गोलसर झालेले. खांद्यापाशी शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची व्ही.डी.बी. ही बारीक आद्याक्षरं असतात. ती तर बहुधा पार बुजतात.

आणि लोहचुंबक? नवखा माणूस सगळ्यांत आधी चुंबकच घेऊन येतो. इथे तो निरुपयोगी. अस्सलही चिकटतो, कल्हईवालाही चिकटतो. आत दोन्हीकडे पोलादच आहे. चुंबकाचा उपयोग वेगळ्याच भानगडीत होतो.

ती भानगड अशी. १९४३ साली टांकसाळीच्या कुठल्याशा पेटीत आदल्या वर्षीच्या तांब्याच्या काही चकत्या अडकून राहिल्या होत्या. त्या नव्या ठशांखाली गेल्या आणि १९४३ सालचे मोजकेच तांब्याचे सेंट तयार झाले. डेन्व्हरचा तर एकच ज्ञात आहे. तो २०१० मध्ये १७ लाख डॉलरला विकला गेला. एक सेंटाचं नाणं! मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या एका शाळकरी मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत असाच एक मिळाला. त्याने सरकारकडे चौकशी केली, तर उत्तर आलं, की १९४३ मध्ये तांब्याचे सेंट पाडलेच गेले नाहीत. त्याने नाणं जन्मभर जपलं. २०१९ मध्ये लिलावात त्याला दोन लाख चार हजार डॉलर आले. मधल्या काळात अशीही अफवा होती, की असा सेंट आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी कोरी मोटार देणार. फोर्डने असं काही कबूल केलेलं नव्हतं. पण अफवेवर पोट भरणारे तेव्हाही होते. त्यांनी पोलादी सेंटांवरच तांब्याचा मुलामा द्यायला सुरुवात केली. ज्यांना तेवढाही खर्च नको होता, त्यांनी १९४८ च्या सेंटातला ‘८’ डाव्या बाजूने कोरून त्याचा ‘३’ केला. पहिल्या प्रकाराला चुंबक पकडतो. दुसऱ्याला पकडायला आकड्याचं वळण माहीत असावं लागतं.

थोडक्यात, त्या एकाच वर्षाच्या सेंटाला कुणी चांदीसारखा करून विकलं, कुणी तांब्यासारखा. तो जसा होता तसा विकायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

उरलेल्या पोलादी चकत्यांचंही ऐकून ठेवा. १९४४ मध्ये नुकत्याच मुक्त झालेल्या बेल्जियमसाठी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने दोन फ्रँकची अडीच कोटी नाणी पाडली, ती याच शिल्लक चकत्यांवर. अमेरिकेने नको म्हटलेली वस्तू मदत म्हणून बाहेर गेली. मेहुण्यांच्या संग्रहात एक आहे. त्याची कडही उघडीच आहे.

आता आमच्या सासूबाईंबद्दल. त्या एका दिवाळीला लेकाकडे न्यू जर्सीत होत्या. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला काळवंडलेली लक्ष्मी पाटावर ठेवत नाहीत. आदल्या दिवशी नाणी चिंचेत टाकायची, मिठाने चोळायची, लखलखीत करून पुसायची, हा शिरस्ता. पुण्यात आणि सांगलीत तो बिनधोक चालतो, कारण तिथे घरात तांबं आणि चांदी असते. मेहुण्यांच्या खणात सासूबाईंना मळकट पैशांची एक वही सापडली.

“अरे, हे पैसे असे काळे कसे रे ठेवलेस? लक्ष्मी आहे ती!”

मेहुणे ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा पाटावर लिंकन रांगेने बसले होते. चिंचेने गंज गेला होता. काळपटपणा गेला होता. जस्तही गेलं होतं. आम्लापुढे जस्त टिकत नाही, मग ते आम्ल कारखान्यातलं असो की वाटीतलं. प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावलेलं होतं.

मेहुणे आईला काही बोलू शकले नाहीत. त्यांनी पूजा केली, नमस्कार केला, प्रसाद घेतला. नागडं पोलाद वाट बघत नाही. भाऊबीजेपर्यंत लिंकन तांबूस झाले होते. सासूबाईंना रंग पाहून समाधान वाटलं. “बघ, आता कसे तांब्याचे दिसताहेत,” म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, “अहो, निदान आता ते एकमेकांना शोभतात तरी.” मेहुण्यांच्या वहीत आज तीन विभाग आहेत: अस्सल, कल्हईवाले आणि आईने घासलेले. तिसऱ्या विभागाला ते कुणाला हात लावू देत नाहीत.

त्यांच्याबरोबर मी एकदा नाण्यांच्या प्रदर्शनाला गेलो. हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर दिवा, आणि दिव्याखाली वाकलेली माणसं. देवळात असते त्याहून जास्त शांतता. मेहुण्यांनी एका टेबलावरून सेंट उचलला. उचलण्याचीही रीत आहे: दोन बोटांत, कडेला धरून, तोंडाला स्पर्श न करता. तिरका धरला, फिरवला, भिंग लावलं, उलटा केला, कड पाहिली, पुन्हा फिरवला. वेळ बराच गेला. व्यापारी गप्प. मागे रांग लागलेली. शेवटी मेहुण्यांनी नाणं खाली ठेवलं आणि मान हलवली. तेव्हा व्यापाऱ्याने शांतपणे डबी उलटी करून दाखवली. मागे चिठ्ठी चिकटवली होती: ‘रीप्रोसेस्ड’. बिचाऱ्याने काहीच लपवलं नव्हतं. मेहुणे मात्र खूश. “बघितलंत भाऊजी? चिठ्ठी न वाचता ओळखलं.”

नाण्यांना गुण देणाऱ्या संस्थाही आहेत, पीसीजीएस आणि एनजीसी. त्या नाणं तपासून १ ते ७० मध्ये गुण देतात आणि प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करून पाठवतात. साठाच्या पुढचा एकेक गुण बोर्डाच्या परीक्षेतल्या शेवटच्या टक्क्याइतका महाग. कल्हईवाल्याला तिथे गुण नाहीत. पृष्ठभागात ढवळाढवळ झाल्याचा शेरा मिळतो. उलट कुणीही न हाताळलेला, न पुसलेला, निळसर करडा, अस्सल सेंट ६७-६८ गुणांपर्यंत गेला, की त्याला शेकडो डॉलर द्यायला लोक तयार असतात. न आवडलेली नाणीच अशी राहतात. आवडलेल्यांना लोक पुसतात.

तुम्हीही ऐकून ठेवा. तुमचा भाचा, पुतण्या, साडू, कुणीही सुट्टीवर येताना अमेरिकेहून प्लॅस्टिकच्या डबीत तीन लखलखीत लिंकन घेऊन येईल आणि “युद्धातले आहेत, ओरिजिनल” म्हणेल. त्याच्यासमोर भिंग काढू नका. आभार माना, चहा द्या, तो गेल्यावर डबी उघडून कड बघा. कड चकाकत असेल तर संच मुलांना खेळायला द्या. नाणी खरीच आहेत, वर्षही खरंच आहे, फक्त कातडी नवी आहे. कड करडी निघाली तर कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेस पडू देऊ नका. पण नोकरी सोडू नका. वापरून झिजलेला अस्सल पोलादी सेंट अमेरिकेत आजही डॉलरच्या आत मिळतो.